सहा इंचांचा उतार

पलंग डोक्याकडून सहा इंच उचला, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मीही मान डोलावून "हो, हो, त्यात काय!" म्हणालो होतो. त्या 'त्यात काय'चं पुढे काय झालं ते सांगतो. ऐकताना हसायला हरकत नाही. आमच्या कॉलनीतले सगळे हसून झालेले आहेत.

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागाचा मुख्य कारकून आहे. बावीस वर्षं लोकांच्या तक्रारी नोंदवून घेतोय. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण दाब नाही, दाब आहे पण पाण्याला वास येतो. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीला नंबर पडतो आणि आठ दिवसांत तिच्यापुढे 'निकाली' असा शेरा पडतो. आता तक्रार निकाली निघाली म्हणजे पाणी आलंच, असं कुणी समजू नये. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करणारा माणूस आमच्या खात्यात टिकत नाही. छातीतल्या जळजळीच्या बाबतीत मी आठ वर्षं हेच धोरण ठेवलं होतं. जळजळ झाली की गुलाबी औषधाचे दोन घोट घ्यायचे. तक्रार निकाली. पुन्हा झाली की पुन्हा दोन घोट.

त्या बाटलीची एक वेगळीच भानगड होती. मी दोन घोट घ्यायचो आणि बाटली चार घोटांनी उतरायची. पाणी खात्याला हा प्रकार नवा नाही. टाकीतून सुटलेलं पाणी आणि नळांना पोचलेलं पाणी यांचा मेळ जगात कुठेच बसत नाही, मधलं कुठे मुरतं ते कुणी सांगत नाही. पण माझ्या स्वतःच्या बेसिनवरच्या कपाटात गळती म्हणजे जरा अतीच झालं. मी बाटलीच्या लेबलवर पेनाने रेघा मारायला लागलो, प्रत्येक रेघेपुढे तारीख. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "उडून जात असेल." औषध असं उडून जात नाही हे मी तिला पाच-सात मिनिटं समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरायला निघून गेली.

हे असंच चाललं असतं, पण एक दिवस तक्रार खिडकीवर एका बाईंशी बोलताना माझ्या घशाशी आंबट-कडू पाण्याची अशी लाट आली की माझा आवाजच बंद झाला. बाईंनी घाबरून विचारलं, "काय झालं हो?" मी कसाबसा म्हणालो, "पाणी वर चढलं." त्यावर बाई मागच्या रांगेकडे वळून म्हणाल्या, "बघा! यांच्याकडे चढतंय. आमच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र चढत नाही!" सगळी रांग हसली. बावीस वर्षांची इभ्रत तिथेच गेली. मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि बायकोला घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घातली. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या नळ्यांविषयी लिहीत आलो, आता कुणीतरी माझ्या नळीत डोकावत होतं. नंतर त्यांनी आम्हां दोघांना पडद्यावर चित्र दाखवलं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लाल ओरखडे होते, गुडघा खरचटल्यावर असतात तसे. त्याच्याखाली जठरात हिरवट-पिवळं पाणी साचलेलं दिसत होतं.

"लोक उठसूट 'पित्त झालंय' म्हणतात, आणि असतं नुसतं आम्ल," त्या म्हणाल्या. "तुमच्यात मात्र खरोखरचं पित्तही आहे. ते आतड्यात राहायचं, तर उलटं जठरात शिरतंय. मग आम्ल आणि पित्त मिळून वर अन्ननलिकेत येतात."

"पण जठराला नाही का काही होत?"

"जठराला आतून जाड, चिकट थर असतो. त्याला आम्ल झेपतं. अन्ननलिकेचं अस्तर नाजूक, त्याचं काम घास खाली पाठवायचं. त्याच्यावर आम्ल आलं तरी ते सोलतं, आणि सोबत पित्त असलं तर आणखी सोलतं."

मी म्हणालो, "म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय."

"दोन," त्या म्हणाल्या. "एक जठराच्या वरचा, एक खालचा."

कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं म्हणून मला क्षणभर बरंच वाटलं. पण त्या पुढे म्हणाल्या, "हे वर्षानुवर्षं चाललं की ते अस्तर आपला स्वभावच बदलून टाकतं. आणि बदललेलं अस्तर पुढे काय करेल ते सांगता येत नाही. तुमचं अजून तसं दिसत नाही, पण फार उशीरही करू नका. गोळ्या देते, त्या आम्ल कमी करतील. पित्त गोळ्यांना तितकंसं जुमानत नाही. त्याला खालीच ठेवायला हवं. संध्याकाळी लवकर जेवा, जेवून तीन तास आडवे होऊ नका, पट्टा सैल बांधा आणि पलंग डोक्याकडून सहा इंच उचला. उशा नाही हं. उशांनी पोट मुडपतं आणि जास्त वर येतं. पलंगच उचला. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. जखमा भरल्या तर उत्तम. नाही भरल्या तर मग वेगळं बोलू."

ते वेगळं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. भ्यालो होतो. बायकोने मात्र डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडलं. वाकलं की वर येतं ते यानेच का? सकाळी तोंड कडू असतं ते? कोरडा खोकला? आवाज बसतो तो? इतके बारीक प्रश्न तर मीही विचारले नसते. बाईमाणूस वरून बोलत नाही, पण आपल्या नवऱ्याकडे किती लक्ष देऊन असतं, या विचाराने मला भरून आलं. जिना उतरताना तिने माझा दंड धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

आता पलंग. विटा आणायला मी खाली उतरलो आणि चार विटा घेऊन वर येईपर्यंत सगळ्या इमारतीला माझ्या अन्ननलिकेची बातमी लागली होती. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "डाव्या कुशीवर झोपा." त्यांचे यजमान म्हणाले, "उजव्या." त्यावरून त्यांचं जे सुरू झालं ते मी दार लावून घेतलं तरी ऐकू येत होतं. खालच्या मजल्यावर, आमच्याच खात्यातल्या मुलाकडे, गणिताचे एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी पलंगाची लांबी विचारली, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाले, "साडेबारास एक. सांडपाण्याच्या नळाला याच्यापेक्षा कमी उतार देतात. तुम्ही वाहून जाल."

मास्तरांचं गणित कधी चुकत नाही. विटांवर पलंग चढवला, आणि सकाळी उठलो तेव्हा मी, बायको, दोन उशा आणि गादी असे सगळे पायथ्याशी गोळा झालो होतो. पायथ्याला लागूनच कपाट. गादी घसरून कपाटाच्या दाराला अशी घट्ट बसली की दार उघडेना. माझे ऑफिसचे सगळे कपडे आत. गादी वर ओढावी तर ती पुन्हा घसरून तिथेच. शेवटी नाड्याची लेंगेवजा पँट घालून मी ऑफिसात गेलो. साहेबांनी पाहिलं. मी म्हणालो, "डॉक्टरांनी पट्टा सैल बांधायला सांगितलाय." साहेब म्हणाले, "यात पट्टा कुठाय?"

बायकोने मात्र कुरकुर केली नाही. उलट म्हणाली, "मला छान झोप लागली." माझं मन राखायला बोलतेय, असं मला वाटलं. तिने गादीखाली जुनी सतरंजी घातली, गादी घसरायची थांबली, आणि पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. जळजळ निम्म्याने कमी झाली. मी ऑफिसात दोघातिघांना पलंग उचलायचे सल्लेही देऊन टाकले.

मग एका रविवारी दुपारी मी मोजे घालायला पलंगाच्या कडेला बसलो आणि खालची वीट सटकली. पलंग असा काही आपटला की खिडकीची तावदानं वाजली. दोन मिनिटांत मास्तर दारात उभे. त्यांच्या एका हातात चहाचा कप आणि कपात त्यांच्या छताच्या गिलाव्याचा बोटभर तुकडा. "हे तुमचं," ते म्हणाले. मी माफी मागितली. ती त्यांनी मोठ्या मनाने स्वीकारली आणि देखभाल विभागाकडे लेखी तक्रारही केली. माणूस शिस्तीचा. माझाही राग नाही, तक्रार करावी हे मीच लोकांना बावीस वर्षं सांगत आलोय.

देखभालीचे ओव्हरसियर मास्तरांचं छत बघायला आले, मग त्या छताच्या वर काय आहे ते बघायला आमच्याकडे आले. त्यांनी विटा पाहिल्या. मग खाली वाकून पलंगाच्या पायावरचा पत्र्याचा बिल्ला पाहिला. आमचं घर म्हणजे खात्याचं क्वार्टर, आणि क्वार्टरसोबत मिळालेला तो पलंगही खात्याचा. जडवस्तू नोंदवहीत क्रमांक एकशे सत्तेचाळीस.

"परवानगी घेतली होती?"

"विटा ठेवायला?"

"खात्याच्या वस्तूच्या मूळ स्थितीत फेरफार करायला."

मी त्यांना आम्ल सांगितलं, पित्त सांगितलं, दोन्ही व्हॉल्व्ह सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "अर्ज करा." हेच वाक्य मी स्वतः दिवसातून चाळीस वेळा बोलतो. ते समोरून ऐकताना कसं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्ज मी स्वतः लिहिला. सांगायला हरकत नाही, अख्ख्या खात्यात माझ्यासारखा मसुदा कुणाचा नाही. विषय: 'पलंग क्रमांक १४७ ची उंची सहा इंचांनी वाढवून मिळणेबाबत.' भांडारपालांनी तो तीनदा वाचला आणि विचारलं, "ही दुरुस्ती आहे, बदल आहे, की वाढ?" मी म्हणालो, "काय सोपं पडेल?" ते म्हणाले, "सोपं काहीच नाही, पण तिन्हीचे नमुने वेगळे आहेत." आम्ही दुरुस्तीचा नमुना भरला. दुरुस्ती म्हटल्यावर पलंग नादुरुस्त असायला हवा. मग डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवरून खात्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दाखला दिला, की सदर कर्मचाऱ्याची अन्ननलिका पाहता सदर पलंग वापरण्यास अयोग्य आहे. इतकं झाल्यावर मंजुरी यायला वेळ लागला नाही. चौथ्या दिवशी दोन माणसं टेम्पो घेऊन आली आणि अयोग्य पलंग दुरुस्तीला घेऊन गेली.

अठरा दिवस आम्ही जमिनीवर झोपलो. जमीन सपाट असते, त्यात त्या बिचारीचा दोष नाही. जळजळ परत आली. सकाळी उठलं की तोंड कडूजहर. मी कॅलेंडरवर तीन महिन्यांच्या तारखेला गोल केला होता, त्या गोलाकडे बघायचं मी सोडून दिलं. आत काय सोलपटतंय ते दिसत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. जेवताना घास खाली जाईपर्यंत मी श्वास धरून बसायचो. बायकोही त्या दिवसांत ओढल्यासारखी दिसायची. माझ्या काळजीने. गुलाबी बाटल्या अठरा दिवसांत दोन संपल्या. माझे घोट वाढले होते हे मान्य, पण गळतीही वाढली होती. मी रेघा मारत राहिलो.

एकोणिसाव्या दिवशी पलंग आला. टेम्पोतून उतरवताना मला जरा उंच वाटला. खोलीत ठेवल्यावर कळलं, की खात्याच्या सुताराने चारही पायांना सहा-सहा इंचांचे जोड दिले होते. सुंदर काम, सांधा शोधून सापडेना. सुताराने खिशातून पाणसळ काढली, पलंगावर ठेवली आणि बुडबुडा मधोमध आल्यावर अभिमानाने म्हणाला, "बघा साहेब. काठोकाठ भरलेला पेला ठेवा, थेंब सांडणार नाही."

"अहो, पण डोक्याकडून उंच हवा होता!"

त्याने घडी घातलेला कागद काढला. माझाच अर्ज. माझंच वळणदार अक्षर. पलंगाची उंची सहा इंचांनी वाढवून मिळणेबाबत. डोक्याकडून हा शब्द त्यात वर नव्हता, खाली नव्हता, समासातही नव्हता. अख्ख्या खात्यात ज्याच्यासारखा मसुदा नाही त्या माणसाने तो खाल्ला होता. मी पोचपावतीवर सही केली. मग मी आणि बायको पलंगावर बसून पाहिलं. दोघांचेही पाय लोंबकळत होते.

"आता?" तिने विचारलं.

"आता शुद्धिपत्रक काढावं लागेल. नवा अर्ज, नवा दाखला."

"किती दिवस?"

"महिना धर."

"आणि तुमची दुर्बीण?"

"सात आठवड्यांनी."

मी शुद्धिपत्रकाचा मसुदा करायला बसलो. दुसऱ्या दिवशी तो टाइप करायला ऑफिसात नेला, संध्याकाळी घरी आलो, आणि दारातच थांबलो. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर भुसा आणि लाकडाचे दोन ठोकळे. मास्तर खुर्चीत बसलेले, कानावर पेन्सिल आणि हातात पट्टी. बायको घामाघूम, हातात मास्तरांची करवत. पलंगाचे पायथ्याकडचे दोन पाय सहा-सहा इंचांनी कापलेले. उतार साडेबारास एक, मास्तरांनी स्वतः मोजलेला.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या बाईने रांगेत कधी कुणाच्या पुढे पाऊल टाकलेलं मी पाहिलेलं नाही.

"अगं, हा खात्याचा पलंग आहे!"

"खात्याला जळजळ होते का?" ती म्हणाली आणि भुसा गोळा करायला लागली.

पुढचे आठ दिवस दारावर थाप पडली की मी आधी झोपायच्या खोलीचं दार ओढून घ्यायचो. ओव्हरसियर तपासणीला आलेच. हातात मंजुरीचा कागद आणि टेप. मी भिंतीला टेकून उभा. त्यांनी दाराजवळची बाजू मोजली. ती नेमकी डोक्याकडची होती. मूळ उंची अधिक सहा इंच. कागदाशी ताडून पाहिलं. बरोबर. पलंग घसरगुंडीसारखा तिरपा उभा होता, पण तिरपेपणाविषयी कागदात काहीच नव्हतं. त्यांनी शेरा मारला, 'काम पूर्ण. निकाली.' माझ्या अर्धवट मसुद्यानेच मला वाचवलं होतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सात आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. मी डोळे घट्ट मिटून पडलो होतो. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहिला, मग पडदा. ओरखडे गेले होते. अस्तर नितळ गुलाबी. "छान भरलंय," त्या म्हणाल्या. "गोळ्यांनीही भरलं आणि उतारानेही. पलंग तसाच ठेवा." मला रडू आलं, आणि मी ते गुंगीच्या औषधावर ढकललं.

घरी आल्यावर मी आधी बेसिनवरचं कपाट उघडलं. गुलाबी बाटली काढली. आता तिचं काम नव्हतं. टाकणार इतक्यात सवयीने लेबलकडे नजर गेली. शेवटची रेघ होती करवतीच्या दिवसाची. औषध अजून बरोब्बर त्या रेघेवर होतं. सात आठवडे मी एकही घोट घेतला नव्हता, त्याचं काही नाही. पण गळतीही थांबली होती. एका थेंबानेही बाटली उतरली नव्हती.

मी बाटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"अगं, ही उडायची थांबली."

ती हात पुसत होती. "थांबणारच," ती म्हणाली. "आता नाही येत मला वर. उताराने फार बरं पडलं."

पडद्यासमोर तिने विचारलेले ते सगळे प्रश्न आठवले. सकाळी कडू तोंड. कोरडा खोकला. आवाज बसतो तो. माझा आवाज सकाळी कधी बसत नव्हता. तो कुणाचा बसायचा, हे मला आत्ता आठवलं.

"किती वर्षं?"

"तुमच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं चालू होतं ना," ती म्हणाली. "एका घरातून दोन-दोन तक्रारी कशाला?"

बावीस वर्षं मी तक्रारी घेतोय. तक्रार नाही म्हणजे तिथे पाणी व्यवस्थित आहे, असं आम्ही धरून चालतो. माझ्या हातातल्या बाटलीवर तारीखवार रेघा होत्या, ती तिचीच तक्रार होती, मीच नोंदवलेली, माझ्याच अक्षरात. आणि मी औषध उडून जात नाही हे तिला समजावत होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, त्या नाड्याच्या पँटमध्येसुद्धा नाही. आणि माझ्या वेळी वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली. माझी आठ वर्षं, तर हिची किती?

मी दवाखान्याला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "तुमची आजच झाली ना दुर्बीण? आता वर्षाने या."

"माझ्यासाठी नाही, माझ्या बायकोसाठी हवी आहे."

"पुढच्या महिन्यात देऊ का? रीतसर नंबर लावून..."

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण बायको दारात येऊन उभी राहिली. "आमची पहिली तक्रार तिचीच होती. माझा नंबर चुकून आधी लागला. उद्याची वेळ द्या."